गोठवलेल्या फळांचा घट्ट वाडगा

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च या काळात पुण्यात मुबलक मिळते, आणि त्या दिवसांत मी महात्मा फुले मंडईतून आणलेली फळे धुऊन, देठ काढून, पंच्यावर पूर्ण कोरडी करून ताटात सुटी सुटी पसरून गोठवते. ओली किंवा ढीग करून ठेवली, तर त्यांचा एकच दगड होतो. ठिपके पडलेल्या पिकल्या केळ्यांच्या चकत्याही तशाच, निदान रात्रभर.

सकाळी स्मूदी बोल, म्हणजे गोठवलेली फळे वाटून केलेला, चमच्याने खायचा वाडगा, करताना घट्टपणा येतो तो द्रव आवरल्यानेच. दोघींसाठी २ केळी, १ वाटी स्ट्रॉबेरी आणि २ मोठे चमचे चक्का घेतला, की दूध ३-४ चमच्यांपेक्षा अधिक लागत नाही. बर्फ मी कधीच घालत नाही, कारण तो वितळला की चव पाणचट होते. गोठलेले केळे मात्र वाटल्यावर आइस्क्रीमसारखे मऊ होते. मिक्सर सलग चालवला तर भांडे तापून सगळे पातळ होते, म्हणून तो थांबवत थांबवत फिरवावा आणि कडेचे मिश्रण चमच्याने खाली ओढावे. आरंभी नुसता भुगा दिसतो, आणखी दूध ओतण्याचा मोह होतो, पण तो आवरावाच. थोड्याच वेळात पात्यांभोवती गुलाबी, जड वळ्या पडू लागतात.

वाडगा आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेला असावा. वरून पुरंदरच्या ताज्या अंजिरांच्या फोडी आणि भाजलेले जवस घालते. सासूबाईंना हे शिकरणाचे धाकटे भावंड वाटते, त्यामुळे त्यांच्या वाडग्यात वेलदोड्याची पूड आवर्जून पडते.