‘पण बंदर कुठाय?’

मुंबईहून एका दिवसात चौल-रेवदंडा आणि काशीद करता येतं का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. येतं. फक्त शेवटची बोट चुकवू नका. आम्ही चुकवली.

आधी एका टूरवाल्याकडे चौकशी केली होती. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘ऐतिहासिक चौल बंदर व रम्य किनारे’. वेळापत्रक मागवलं तर बंदराला वीस मिनिटं, ‘फोटोसाठी थांबा’, आणि उरलेला दिवस दोन रिसॉर्टांत. मी म्हटलं, वीस मिनिटांत तर आमची आत्या गाडीतून खाली उतरते. तिचे गुडघे अडुसष्ट वर्षांचे आहेत. मग आपलं आपणच जायचं ठरलं: मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आत्या.

तारीख आत्याने काढली. तिचं लहानपण रेवसला गेलंय, त्यामुळे भरती-ओहोटीसाठी तिला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, आली ती भरतीची वेळ. “रविवारी षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. म्हणजे साडेचारला भरती, सकाळी सव्वादहा-साडेदहाला ओहोटी. रेवदंड्याला दहाला पोचव मला, तटाच्या बाहेरून वाळूतनं चालता येईल.” सगळा कार्यक्रम या एका गणितावर बसवला.

गेटवेहून सकाळची पहिली बोट, तासाभरात मांडवा. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते, पण परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते तिथेच, उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. मी विचारलं होतं. लक्षात ठेवलं नाही, हा भाग वेगळा.

अलिबागला मिसळ खाऊन दिवसभरासाठी मिनीडोअर, म्हणजे इथली मोठी रिक्षा, ठरवली. चालकदादा गप्पिष्ट निघाले. वाटेत आक्षीला शिलालेखापाशी पाच मिनिटं थांबलो. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं त्याचं वाचन केलं जातं. ते धरलं तर मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी हा एक. मुलीने वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चौलचं रामेश्वराचं देऊळ ओहोटीपायी परतीवर ढकललं. ते राहिलं ते राहिलंच.

रेवदंडा हा किल्ला आहे हे आत शिरेपर्यंत कळत नाही. रस्ता सरळ तटातून आत जातो, आणि आत चक्क गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, शाळा, देवळं, आणि मधूनच माडांच्या डोक्यावरून दिसणारी एखादी काळवंडलेली भिंत. ती चर्चची असते. पोर्तुगीजांनी १५२० च्या दशकात इथे बांधकाम सुरू केलं आणि दोनशेहून जास्त वर्षं ठाण मांडलं. १७३९ मध्ये वसई पडली, पुढच्या वर्षी हेही मराठ्यांकडे आलं.

तटाबाहेर पाणी खरंच मागे गेलं होतं. ओली, घट्ट, करडी वाळू. आत्या चप्पल हातात घेऊन चालली. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला कुंडलिका नदीचं मुख आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर, पाण्यात मान घालून बसलेल्या म्हशीसारखा. मुलगी दहा मिनिटं इकडे-तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाबा, पण बंदर कुठाय?”

प्रश्न रास्त होता. तिच्या डोक्यात क्रेन आणि जहाजं. इथे दोन होड्या, त्याही चिखलात कलंडलेल्या. ज्या चौल बंदराची नोंद प्राचीन भूगोलकार टॉलेमीने केली, जिथल्या समुद्रात १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा मारला गेला, ते बंदर समोर असूनही दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली, तिकडे मुंबई वाढत गेली, आणि व्यापार उठून गेला. मला विचाराल तर इथे यायचं ते हे न दिसणारं बघायलाच, आणि ते वीस मिनिटांत होत नाही.

मग सातखणी मनोरा. नाव सातखणी, उभे मजले चारच. पायथ्याशी तोफा पडलेल्या. गावातल्या शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी, विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. हा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! मुलीला तट-तोफांपेक्षा हा घोडेवाला जास्त आवडला. “एकच घोडा? त्यासाठी एवढ्या लांब?”

खरा वेळ मात्र एका वाडीत गेला. आत्याने पाणी मागितलं, आणि मालकीणबाईंनी ओट्यावर बसवूनच घेतलं. अंगणभर सुपारी वाळत घातली होती: कडेला ताजी, केशरी, मधे सुरकुतलेली, तपकिरी, पायरीशी पार राखाडी झालेली. दीड-दोन महिने उन्हात काढल्याशिवाय ती नीट सोलली जात नाही. बाईंनी एक कानाशी हलवून दाखवली, “आतली खुळखुळली की झाली.” वाडीच्या मागची हद्द म्हणजे किल्ल्याचा तट. त्याच्या एका कोनाड्यात पाण्याच्या पंपाचं बटण बसवलेलं. निघताना बाईंनी आत्याच्या पदरात चार सुपाऱ्या घातल्या. आम्ही पाऊण तास उशिरात.

जेवण गावातच, घरगुती: सुरमई, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. मग साळावचा पूल ओलांडून कोर्लई. आत्या दीपगृहापाशी सावलीत बसली, आम्ही पायऱ्या चढून किल्ल्यावर गेलो. खालच्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली अजून बोलतात. चालकदादांचा तिथला एक मित्र भेटला. तो त्याच्या आईशी फोनवर तीच बोलत होता आणि मधेच “अगं, पाहुणे आलेत” असं मराठीत शिरला.

काशीदबद्दल काय सांगू? वाळू पांढरी, सुरूची झाडं छान, गर्दी जत्रेची. भरती चढलेली असल्याने किनारा अरुंद झाला होता आणि त्यातच घोडागाड्या. इथला समुद्र ओढतो, दरवर्षी माणसं जातात. आम्ही घोट्यापलीकडे गेलो नाही. दीड तास थांबलो, अर्धा पुरला असता.

परतताना पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग. अर्धा तास इंजिनं बंद. अलिबागला पोचलो तेव्हा पावणेसात, बोटीची बस केव्हाच गेलेली. बायको काही बोलली नाही, हे जास्त वाईट. मग एसटी स्टँड, पनवेल गाडी, पुढे लोकल. गाड्या बऱ्याच असतात, रात्र काढावी लागत नाही. रविवारी जाणार असाल तर काशीदहून चारला निघा, किंवा काशीद सोडूनच द्या.

वडखळला गाडी थांबली. मुलगी झोपली होती. आत्या हातातली सुपारी कानाशी हलवत म्हणाली, “उद्या सप्तमी. सव्वापाच.”