संध्याकाळची फ्रिक्वेन्सी

लष्कराच्या सिग्नल्स विभागात चोवीस वर्षे काढून मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता हर्णैजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सुभेदाराने मास्तर होणे आमच्या तालुक्याला नवे नाही; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर दापोलीला येऊन राहिले होते. विज्ञानकथांचा नाद मात्र रात्रपाळीने लावला. कानाला हेडफोन लावून तासन्‌तास खरखर ऐकणारा माणूस पलीकडे कोण असेल याची कल्पना करू लागतोच.

गेल्या महिन्यात दहावीला अवकाश मोहिमा शिकवून झाल्यावर मी दिवाळी अंकात छापून आलेली माझीच एक कथा वर्गात वाचून दाखवली. तिच्यात मंगळावरच्या चौकीतला हवालदार पृथ्वीवरच्या मुख्यालयाशी बोलतो आणि त्याला माघारीचा हुकूम मिळतो. वाचन संपताच एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील ट्रॉलरवर तांडेल आहेत.

"सर, हा हवालदार लगेच कसा उत्तर देतो? बाबा चाळीस वाव खोल पाण्याच्या पलीकडे गेले की वायरलेसवर त्यांचा आवाज येत नाही. आई जेटीवर जाऊन बसते. तुमच्या गोष्टीत कोणी वाटच बघत नाही."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. बोटीवरच्या व्हीएचएफ संचाच्या लहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्या बोटीपर्यंत पोहोचत नाहीत. मंगळाच्या बाबतीत तर प्रकाशालाही अंतरानुसार सुमारे तीन ते बावीस मिनिटे लागतात. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान कक्षेत शिरले तेव्हा संदेशाला एका बाजूने बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता, म्हणूनच इंजिन पेटवण्याच्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. हे सारे मीच त्या वर्गाला शिकवले होते. तरीही कथा लिहिताना संपादकांना संवाद वेगवान हवेत म्हणून मी ती मिनिटे गाळली, आणि अंतरे पाठ करून घेऊन त्या अंतरांमागची वाट पाहणे वगळण्याची आम्हा शिक्षकांची खोडही त्यात होतीच.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही, ती वेगळ्या कारणाने. लडाखमध्ये मी नाईक असताना आमचा संपर्क एचएफवर, म्हणजे लघुलहरींच्या वायरलेसवर चाले. या लहरी आकाशातल्या आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला लागून परत येतात, आणि सूर्य मावळला की ते विरळ होत जाते. दिवसाची आठ-नऊ मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी मग त्याला भेदून वर निघून जाते आणि ऑपरेटरला तीन-चारवर उतरावे लागते. संच जुने, बॅटऱ्या थंडीने लवकर बसणाऱ्या; आम्ही त्या अंगातल्या कोटात ऊब देऊन ठेवत असू. अशाच एका संध्याकाळी पुढच्या चौकीने फ्रिक्वेन्सी उतरवली नाही, म्हणजे आमचे त्यांना ऐकू जाणे बंद झाले. हिमवादळामुळे पहाटेची गस्त थांबवण्याचा हुकूम मी रात्री तीनदा पाठवला, लॉगमध्ये 'पाठवला' असे नोंदवले आणि पोच आली नसतानाही वरिष्ठांना उठवले नाही. उठवले असते तर दुसऱ्या मार्गाने निरोप गेला असता. गस्त पहाटे चारला निघाली. एका जवानाच्या पायाची दोन बोटे हिमदंशाने गेली. चौकशीत माझा लॉग बिनचूक ठरला, कारण तो तपासणाऱ्यांनी 'पाठवला' हा शब्द पुरेसा मानला.

त्या मुलीने आता वहीत हवालदाराच्या बाजूने दोन पाने लिहून आणली आहेत. त्याचा प्रश्न पृथ्वीकडे निघालेला आहे, उत्तर यायला अजून बराच वेळ आहे, आणि तो चौकीत बसून हाताखालच्या दोघांना काय सांगावे ते ठरवतो आहे. मी दहा वर्षांत लिहिलेल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा ती पाने सच्ची आहेत. माझा प्रसंग मी तीनदा पुन्हा लिहिला आणि तिन्ही वेळा मंगळ सुटून लडाखमधल्या त्या लॉगच्या कोऱ्या 'पोच' रकान्यापाशी आलो.

तो जवान आता सातारा जिल्ह्यात शेती करतो. दर दिवाळीला आम्ही एकमेकांना फोन करतो. त्या रात्री आपल्याला थांबवण्याचा हुकूम निघाला होता, हे त्याला अजून माहीत नाही.