कुत्र्याला घेऊन तलावाकाठी मुक्काम: तुम्ही विचारलंत म्हणून

“पवनेला तंबूत राहायला जातोय, कुत्र्याला नेलं तर चालेल का?” दिवाळी सरली की हा प्रश्न सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत चालतो. उत्तर ‘हो’ आहे. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कॅम्पवाला कुत्र्याला आत घेईल का, एवढंच हवं असतं. ते एका फोनवर कळतं. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे रात्री कुत्रा झोपणार कुठे.

तो तंबूत, तुमच्याजवळ झोपणार. बाहेर बांधायचा नाही, राखणीसाठीही नाही. पवना, मुळशी, भंडारदरा या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं खाणं आहे. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येतं, तिथे बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला होता. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. मोकळा कुत्रा निदान पळू तरी शकतो. साखळीला बांधलेला तेही करू शकत नाही. काळोख पडल्यावर शू करायला नेताना पट्टा हातात, टॉर्च चालू आणि सोबत दुसरं माणूस. झाडीकडे जायचं नाही, गाड्या उभ्या असतात त्या उजेडाच्या बाजूला जायचं.

आता तंबू. दोन माणसं आणि वीस-पंचवीस किलोचा कुत्रा असेल तर ‘चार जणांचा’ म्हणून मिळतो तो तंबू घ्या. हवेची गादी नखांनी फुटते; फोमची चटई आणि त्यावर जुनी गोधडी हे उत्तम, त्यातून गोधडीला घरचा वास असतो. सहलीला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी नखं कापा, म्हणजे कापलेल्या कडा तोवर बोथट होतात. चेनचं लक्षात ठेवा: तंबूच्या दाराला दोन सरक असतात आणि त्यांच्यात बोटभर फट राहिली तरी कुत्रा नाक घालून दार उघडतो. दोन्ही सरक एकत्र आणून त्यांच्या भोकांतून किल्लीच्या जुडग्याला लावतात तसली छोटी कडी अडकवा. जाण्याआधी दोन-तीन रात्री घरातच हॉलमध्ये तंबू लावून त्यात झोपा. कापडाची फडफड त्याला पहिल्यांदाच ऐकू आली, तर तो रात्रभर भुंकतो आणि शेजारच्या तंबूतले लोक बोल लावतात. त्यांचंही चुकत नाही.

जागा ठरवताना नकाशा नीट बघा. भंडारदऱ्याच्या जलाशयाचा रतनवाडीकडचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही. हा नियम आम्हाला पटतो. कुत्र्यांचे आजार रानातल्या प्राण्यांना लागतात. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. म्हणून कुत्रा बरोबर असेल तर पवनेसारखा शेताच्या कडेचा खासगी कॅम्प बरा. फोनवर ‘पेट फ्रेंडली आहे का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी हे विचारा: तुमचे स्वतःचे कुत्रे आहेत का, ते बांधलेले असतात का, स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो, शनिवारी किती तंबू लागतात, कडेचा तंबू मिळेल का. फटाके वाजवू देतात का, हेही विचारा. आवाजाने बिथरलेला कुत्रा गळ्यातला पट्टा मागे सरकून काढतो आणि अनोळखी अंधारात पळतो. म्हणून छातीला बसणारा हार्नेस आणि त्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. हार्नेसखाली दोन बोटं जातील इतकाच सैल.

दिवसा बांधायचं असेल तर तंबूच्या खांबाला किंवा गाडीच्या दाराच्या मुठीला नको. पिळाची लोखंडी खुंटी मिळते, ती जमिनीत पूर्ण जाईपर्यंत फिरवा. मुरमाड जमिनीत ती उपसून येते. तिथे झाडाचं खोड बरं. दोर दोन मीटरपेक्षा लांब नको, आणि चुलीपासून लांब. रात्रीचे निखारे वाळूत झाकले की वरून दिसत नाहीत, पण सकाळीही पंजे भाजतात. बार्बेक्यूच्या लाकडी काड्यांना मसाल्याचा वास असतो, कुत्रा त्या अख्ख्या गिळतो आणि त्या आतडं भोसकतात. काड्या मोजून लावा, मोजून गोळा करा. कोंबडीची शिजलेली हाडं आणि कांदाही त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

सह्याद्रीत ऑक्टोबर ते डिसेंबर गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते एकाच दिशेने, आत आत सरकतं. कुत्रा सारखं डोकं झटकत असेल तर कानात कुसळ गेलं आहे असंच धरा आणि स्वतः कापसाची काडी घालू नका, डॉक्टरकडे न्या. बोटांच्या बेचक्या रोज संध्याकाळी फाकवून बघा.

त्याच वेळी गोचीडही बघायची. कानाच्या घडीत, काखेत, बोटांमध्ये, शेपटीखाली, हार्नेसच्या पट्ट्याखाली. चिमटा कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाशी धरायचं, फुगलेल्या पोटाला नव्हे, आणि न पिळता सरळ, सावकाश ओढायचं. पोट दाबलं तर तिच्या आतलं कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतं. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही नको. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. मानेवर सोडायचं औषध निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी लावा, त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. कुत्रा पाण्यात उतरणार असेल तर डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा, ती धुऊन जात नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही लावू नका. मांजरासाठी ते विष आहे.

पाणी. धरणाच्या काठचं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. गुरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) येतो. लसीच्या कार्डावर लेप्टो आहे का बघा. पहिल्यांदा दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर, पुढे दर वर्षी. म्हणजे ठरवायला निदान दीड-दोन महिने हातात हवेत. वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला एक-सव्वा लिटर पाणी पुरतं, तिथे धावाधाव होते म्हणून अडीच लिटर धरा. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं. वारा पाणी लोटतो त्या कडेला हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली, तर ती विषारी शेवाळाची असू शकते; तिथे पंजाही बुडवू द्यायचा नाही. चुकून भिजलाच तर अंग चाटण्याआधी बाटलीतल्या पाण्याने धुवा. पोहायला सोडायचं तर पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घालून. लांब दोर पाण्यात सोडू नका. तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, दोर त्यांत अडकतो. ओला गाळ चकचकीत दिसतो तिथे तुम्हीही त्याच्यामागे जाऊ नका.

सकाळी त्याच काठावर गावातली गुरं, शेळ्या पाण्यावर येतात. तुमच्या कुत्र्याला तो खेळ वाटतो, पण गाभण शेळी पळताना पडली तर एका घराचं नुकसान होतं. त्या तासाभरात पट्टा हातातच हवा. पवनेचं पाणी पुढे पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं, म्हणून शी पिशवीत भरून घरी आणायची, काठावर पुरायची नाही.

साप चावल्याची शंका आली तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. कुत्र्याला चालू न देता उचलून गाडीत घाला, आणि प्रतिविष ठेवणाऱ्या दवाखान्याचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये असू द्या. तालुक्याचे सरकारी दवाखाने मुख्यतः गुरांसाठी असतात; शनिवारी रात्री तिथे कुत्र्यावर उपचार मिळतील असं धरून चालू नका.

घरी आल्यावर कॅलेंडरवर परतल्याची तारीख लिहा आणि पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा. गोचीड तापाची लक्षणं दिसायला साधारण आठ ते वीस दिवस लागतात. जेवण सोडणं, ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि आत शिरताच सांगा की अमक्या तारखेला तलावावर मुक्काम केला होता. डॉक्टर आधी रक्त तपासतील.