टाकीवरचा चिवट गोंद: आमची वाटचाल

आमच्या कामाची सुरुवात धुलाई आणि पॉलिशपासून झाली. मोटरसायकलच्या टाकीवरचा जुना स्टिकर काढून देणे हे तेव्हा वरकाम होते. आज तेच मुख्य काम आहे. गोंदाने रंग जेवढा बिघडतो, त्याहून किती तरी जास्त तो गोंद काढण्याच्या घाईने बिघडतो. थिनरने मऊ पडलेला, ब्लेडने चरे गेलेला, हीट गनने फोड आलेला रंग पुन्हा ठीक करण्यापेक्षा मुळात गोंदच नीट काढणे केव्हाही सोपे. आमची पद्धत एकदम बसली नाही. रंगाबद्दल आणि गोंदाबद्दल जसजसे कळत गेले तसतशी ती बदलली. ती कशी बदलली, ते इथे मांडले आहे.

पहिला बदल असा की गोंदाला हात लावण्याआधी रंग तपासायचा. कारखान्यात रंगवलेल्या धातूच्या टाकीवर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मूळ रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरते, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आगेमागे. घासायला मुभा आहे ती या ४० मधल्या वरच्या मोजक्या मायक्रॉनांची. त्याच्या खाली गेलात की उन्हापासून संरक्षण देणारा थर पातळ होतो आणि वर्षा-दोन वर्षांत तिथेच पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आम्ही जाडी मोजायचे यंत्र घेतले. टाकीवर २०० च्या वर आकडा दिसला तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे किंवा खाली लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली आहे असे धरून चालतो. हे साधे यंत्र फक्त धातूवर चालते. प्लास्टिकच्या साइड पॅनलवर आणि फेअरिंगवर (गाडीच्या पुढच्या-बाजूच्या आवरणावर) त्याचा उपयोग नाही.

तिथे कापडाची परीक्षा कामी येते. सीटखालच्या झाकल्या कोपऱ्यावर पांढऱ्या सुती कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब मिनिटभर ठेवायचा आणि हलकेच पुसायचे. कापडावर रंग उतरला तर वर क्लिअर कोट नाही, किंवा हवेवर सुकणारा साधा रंग मारलेला आहे. अशा रंगावर कोमट साबणपाणी आणि तेल यांच्या पुढे जायचेच नाही.

दुसरी तपासणी नखाची. स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. पायरी टोचत असेल तर स्टिकर वर चिकटवलेला आहे, निघेल. कड गुळगुळीत लागली, वरून काचेसारखा एकसंध थर जाणवला, तर तो क्लिअर कोटच्या खाली आहे. कंपनीच्या बऱ्याच टाक्यांवरची चित्रे अशीच असतात. ती काढायची म्हणजे पुन्हा रंगकाम आले. तिथे ड्रायर आणि द्रावक (गोंद विरघळवणारा द्रव) घेऊन बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

उष्णतेच्या बाबतीत आम्ही हीट गन पूर्ण सोडली. तिचे तोंड ५०० अंशांच्या वर जाऊ शकते, आणि पॅनलचे एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. साधा हेअर ड्रायर १५ ते २० सेंटिमीटरवरून सतत हलवत ठेवला की पृष्ठभाग ५० ते ६० अंशांपर्यंत येतो आणि तेवढे पुरते. हाताचा तळवा दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे, ही आमची मोजपट्टी. मग एक कोपरा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा आणि स्टिकर वर न ओढता त्याच्याच पाठीवर दुमडून, पृष्ठभागाला लगटून, मिनिटाला काही सेंटिमीटर एवढ्या संथपणे मागे न्यायचा. इथे डोळे कडेवर हवेत. स्टिकर फाटू लागला तर थंड आहे. गोंदाच्या लांब तारा सुटू लागल्या, अर्धा गोंद इकडे अर्धा तिकडे राहू लागला, तर उष्णता जास्त झाली; ड्रायर बंद करून अर्धा मिनिट थांबायचे. बरोबर तापमानाला गोंद स्टिकरबरोबरच निघतो आणि खाली जवळजवळ काहीच उरत नाही. निम्मे काम इथेच संपते, म्हणून या टप्प्याला आम्ही सर्वात जास्त वेळ देतो.

टाकीजवळ उष्णता आणि द्रावक एकत्र कधीच येऊ देत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आयसोप्रोपिल अल्कोहोलची साधारण १२ अंशांपासून. म्हणजे नेहमीच्या हवेत दोन्ही कायम तयारच असतात, आणि ड्रायरच्या आत लालभडक तार असते. शक्य असेल तर टाकी उतरवून, रिकामी करून, दूर ठेवतो. नसेल तर झाकण घट्ट बंद, गळतीची खात्री, काम उघड्यावर. ड्रायरचे काम संपवून तो बाजूला गेल्यावर आणि टाकी गार झाल्यावरच द्रावकाची बाटली उघडते.

उरलेल्या गोंदासाठी द्रावक निवडताना गोंद कशाचा आहे ते बघावे लागते. कागदी लेबलाचा गोंद बहुधा कोमट पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पंधरा मिनिटे ओला ठेवला की सुटतो. जुना, पिवळट, बोटाला चिकटणारा रबरी गोंद तेलकट द्रावकाला दाद देतो: खोबरेल किंवा कुठलेही साधे तेल, संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनीनचे क्लीनर, त्याने न झाल्यास रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन. विनाइल स्टिकरखालच्या पारदर्शक अॅक्रिलिक गोंदावर आयसोप्रोपिल अल्कोहोल बऱ्यापैकी चालते. सौम्यापासून कडकाकडे जायचे, उलटे कधीच नाही.

द्रावक ओतून लगेच घासणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक. द्रावकाला मुरायला वेळ लागतो. कापडाची घडी भिजवून गोंदावर ठेवा आणि वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म दाबून बसवा, म्हणजे वाफ उडून जात नाही. लिमोनीन किंवा तेल दहा ते पंधरा मिनिटे, अल्कोहोल मात्र दोन-तीन मिनिटेच. कापड उचलल्यावर गोंद फुगून पांढुरका, दह्यासारखा दिसतो. मग नायट्रिलचा हातमोजा घालून अंगठ्याने कडेकडून मध्याकडे रेटायचे. गोंदाच्या बारीक वळकट्या होतात, वळकट्यांची गोळी होते आणि गोळी उचलता येते. पुसून काढायला गेलात तर विरघळलेला गोंद पातळ होऊन दुप्पट जागेवर पसरतो, आणि धूळ बसली की तोच काळा डाग. कापड चार घड्यांचे, प्रत्येक वेळी नवी घडी.

थिनर आणि अॅसिटोन आमच्या कपाटात आहेत, पण ते हत्यारे धुण्यासाठी. रंगकामाच्या थिनरमध्ये टोल्युइन, कीटोन, एस्टर अशी द्रावके असतात आणि ती गोंदाइतक्याच आवडीने क्लिअर कोटमध्ये शिरतात. चुकून लागलेच, तर पुसू नका. मऊ झालेला रंग पुसताना सरकतो आणि बोटाचे ठसे कायमचे बसतात. हात न लावता पूर्ण एक दिवस सुकू द्या. द्रावक उडून गेल्यावर थर पुन्हा कडक होतो, आणि नुसती चमक गेली असेल तर पॉलिशने परत येण्याची शक्यता राहते.

उठावाच्या बॅजखालची दुहेरी फोम टेप हे वेगळेच काम. तिथे ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा नायलॉनचा मासेमारीचा दोर घेतो. हेअर ड्रायरने ऊब देऊन दोर बॅजमागे घालायचा आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढायचा. दोर बॅजला लगटून हवा, रंगाला नाही. बॅज निघतो, फोम टाकीवर राहतो. तो अंगठ्याने जमेल तेवढा काढून उरलेल्यावर चार इंची रबर व्हील, ड्रिल मशीनवर मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांनी. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे नाही आणि दाब नावापुरता. जळक्या रबराचा वास आला की थांबायचे, कारण त्या क्षणी खालचा रंगही तितकाच तापलेला असतो. प्लास्टिकवर, हवेवर सुकलेल्या रंगावर आणि टाकीच्या धारदार वळणांवर हे चाक लावत नाही. धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो.

सुपर ग्लूचा थेंब हा सर्वात अवघड. तो अॅसिटोनला विरघळतो, पण रंगही त्याच अॅसिटोनला विरघळू शकतो, म्हणून तो रासायनिक मार्गाने काढायचा नाद आम्ही सोडला. थेंबाभोवती मास्किंग टेपचे दोन थर लावतो, बोटाच्या पेराएवढ्या कडक ठोकळ्यावर १५०० चा वॉटर पेपर (पाण्यात घासायचा बारीक सँडपेपर) गुंडाळतो आणि साबणपाण्यात फक्त थेंबाचे टोक झिजवतो. टेपच्या पातळीला आल्यावर टेप काढून २०००, शेवटी ३००० चा पेपर आणि कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट). दर दहा-बारा घासांनी पुसून बघायचे. थेंबाभोवती कधी पांढरी धूसर साय दिसते. ती गोंदाच्या वाफेची असते आणि नुसत्या पॉलिशनेच जाते. सिलिकॉन सीलंट असेल तर तो प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून रबरासारखा ओढून काढतो. पुढे तिथे रंग मारायचा असेल तर मालकाने रंगाऱ्याला ते जरूर सांगावे, कारण सिलिकॉनचा अंश राहिला की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

सगळा गोंद गेल्यावर शॅम्पूपाण्याने तेलकटपणा धुवायचा, मग अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून एकदा पुसायचे, आणि टॉर्च तिरकी धरून बघायचे. समोरून स्वच्छ दिसणारी जागा तिरक्या उजेडात खरी कळते. बारीक ओरखडे फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने निघतात. स्टिकरची सावली मात्र बऱ्याचदा राहते: झाकलेला भाग मूळ रंगाचा, भोवतालचा उन्हाने फिका. भोवतालचा क्लिअर कोट फक्त मंद झाला असेल तर पॉलिशने फरक कमी होतो. मूळ रंगच फिकटला असेल तर कुठलेही पॉलिश तो परत आणत नाही, आणि हे काम घेण्याआधी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

मॅट रंगाच्या गाड्या आम्ही अजूनही जपूनच घेतो. मॅटचा खडबडीतपणा हाच त्याचा रंग. अंगठ्याने रेटले तरी तिथे चकाकी येते, आणि आलेली चकाकी जात नाही. तिथे फक्त ऊब, संथ ओढ आणि टिपणे: ओल्या कापडाने वरून दाबायचे, उचलायचे, घडी बदलायची, पुन्हा दाबायचे. एका तळहाताएवढ्या जागेला तासभर लागतो. मॅटवर सुपर ग्लू सांडलेला असेल तर ते काम आम्ही घेत नाही. ते पॅनल थेट रंगाऱ्याकडे न्यावे.