पडलेल्या उमेदवारालाही खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो : माझा अनुभव

18 डिसेंबर 2022 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीचं मतदान झालं, 20 ला निकाल लागला. मी सदस्यपदासाठी उभी होते, थोडक्यात पडले. त्याचं दुःख लवकर ओसरलं. पण खर्चाचा हिशेब द्यायला तालुक्याला गेले तेव्हा जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचा राग अजून उतरला नाही. पुढच्या खेपेला उभ्या राहणाऱ्या बायांना तरी हा ताप होऊ नये, म्हणून लिहिते.

अर्ज, छाननी, चिन्ह हे सगळं पार पडलं. ऑनलाइन अर्जाची साइट चालेना तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने कागदावर अर्ज घ्यायला मुभा दिली, तेही निभलं.

खरी गोष्ट निकालानंतरची. निकाल लागल्यापासून 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब शपथपत्रासह द्यावा लागतो. निवडून आलेल्याने, पडलेल्याने आणि बिनविरोध आलेल्यानेही. नाही दिला आणि पटण्यासारखं कारण नसलं, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 ब खाली आदेशाच्या तारखेपासून 5 वर्षं अपात्र. म्हणजे पडलेल्या माणसाला पुढची निवडणूकही लढता येत नाही. आमच्यासाठी शेवटची तारीख होती 19 जानेवारी.

हिशेबाची मला भीती नव्हती. बचत गटाचं दप्तर माझ्याकडे आहे, त्यात रुपया इकडचा तिकडे होत नाही. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडलं होतं, रोजचा खर्च वहीत लिहीत होते आणि मुलगा तो आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर चढवत होता. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला 25,000 रुपयांची मर्यादा होती, माझा खर्च त्याच्या बराच आत होता.

मी गेले ते दिवस कापूस वेचणीचे. एका चकरेत दिवसाची मजुरी जायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीटही तेव्हा नव्हतं, ते मार्च 2023 पासून झालं. तहसील कार्यालयात टेबलावरच्या बाबूने कागद उघडूनही पाहिले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही तं पडल्या न? मंग कायचा हिशेब? निवडून आलेल्याचाच घेतो आम्ही."

मी सूचनांचा कागद पुढे केला. त्यात "प्रत्येक उमेदवार" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तर म्हणे, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या. ते साहेब दुसऱ्या खात्याचे, निवडणूक झाल्यावर आपल्या कार्यालयात परत गेले होते. तिथे गेले तर ते म्हणाले, माझं काम संपलं, तहसीललाच द्या. परत आले तर टेबलावर कोणी नाही. पुढच्या वेळी बाबू भेटले, पण "साहेब रजेवर हायेत, संक्रांतीनंतर या."

संक्रांतीनंतर म्हणजे मुदतीच्या तोंडावर! मी तिथेच बसले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "ठेवून द्या इथं, नाव लिहून घेतो." मी पोच मागितली. "पोच कायची? तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" एका कोऱ्या कागदावर माझं नाव पेन्सिलने लिहिलं. शिक्का नाही, सही नाही, तारीख नाही. माझ्यासारख्या आणखी दोघीजणी तिथे कागद ठेवून निघून गेल्या. त्यांचा काही दोष नाही, ऑफिसातला माणूस म्हणतो म्हटल्यावर बाईमाणूस किती वाद घालणार? पण मी कागद उचलले आणि पिशवीत घातले.

गावात एक निवृत्त ग्रामसेवक आहेत. ते म्हणाले, "काकू, टेबलावर कायले जाता? आवक-जावकले द्या. एक अर्ज लिहा, खाली सोबत काय काय जोडलं ते लिहा, दोन प्रती करा." तेवढंच करायचं होतं, आणि हे मला कार्यालयात एकानेही सांगितलं नाही.

आवकच्या, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात त्या खिडकीवरही आधी "साहेबांची सही आणा" झालं. त्या दिवशी नायब तहसीलदार जागेवर होते. त्यांनी अर्ज वाचला, मुदतीची तारीख पाहिली आणि एवढंच म्हणाले, "घेऊन टाका." माझ्या प्रतीवर गोल शिक्का बसला, खाली निळ्या शाईने आवक क्रमांक आणि तारीख. मी ती तारीख तिथेच उभी राहून पुन्हा पुन्हा तपासली. इतकं बरं मला अर्ज वैध ठरला तेव्हाही वाटलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, गावात पॅनल असतात. पॅनलचं पत्रक एकच, भोंग्याचा ऑटो एकच, आणि बिलं पॅनलप्रमुखाच्या नावावर. "वहिनी, हिशेबाचं आम्ही पाहून घेऊ," असं सगळ्यांना सांगितलं जातं. कोणी पाहत नाही. हिशेबावर सही तुमची असते, अपात्र तुम्ही होता. पत्रकाच्या आणि ऑटोच्या बिलाची झेरॉक्स प्रचार चालू असतानाच मागून घ्या आणि आपला वाटा आपल्या हिशेबात दाखवा. निकालानंतर कोणी फोन उचलत नाही.

निवडून आलेल्यांनी तर आणखी जपायला हवं. ग्रामपंचायतीच्या कामाच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असला तर सदस्यत्व जातं. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल आल्यावर ते थकवू नका, त्यावरूनही जातं. तक्रार करणारा विरोधी पॅनलचा माणूस या गोष्टी शोधतच असतो.

काही महिन्यांनी आमच्याकडे हिशेब न दिल्याच्या नोटिसा आल्या. कागद टेबलावर ठेवून गेलेल्या त्या दोघींनाही आल्या आणि आमच्याच पॅनलच्या एका निवडून आलेल्या सदस्यालाही. त्यानेही हिशेब पोच न घेताच दिला होता. मला नोटीस आली नाही.

नोटीस आलीच तर घाबरून घरी बसू नका. सुनावणीच्या तारखेला हजर राहा, गैरहजर राहिलात तर तुमची बाजू न ऐकताच आदेश होतो. उशिराचं कारण लेखी द्या. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा, हिशेब दिलाच नसेल तर तो भरून सोबत न्या. बँकेचं पासबुक आणि बिलं घेऊन जा. आणि सुनावणीत दिलेल्या प्रत्येक कागदाचीही पोच मागा, कोणी कितीही डोळे वटारले तरी.