आस आणि ओल

२०२३ सालच्या जून महिन्यात मी प्रथमच आळंदीहून पंढरपूरला पायी गेले. ११ जूनला माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले आणि २९ जूनला आषाढी एकादशी होती. मधले सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर मी मराठवाड्यातल्या एका दिंडीबरोबर कापले, त्यातला फलटणच्या पुढचा अर्धा दिवस मात्र दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसून. ही कबुली आधीच दिलेली बरी.

महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवत असे, आणि आशा या विषयासाठी दरवर्षी एक तास राखलेला असे. कॅन्सस विद्यापीठातले चार्ल्स स्नायडर यांनी सहकाऱ्यांसह १९९१ मध्ये आशेची एक मोजपट्टी मांडली. तीत बारा विधाने आहेत: चार ध्येयाकडे जाणारे मार्ग सुचण्याविषयी, चार त्या मार्गाने नेटाने जात राहण्याविषयी, आणि उरलेली चार केवळ भरतीची. स्नायडर यांच्या लेखी आशा ही भावना कमी आणि विचार करण्याची रीत अधिक असते, आणि या मांडणीत भाबडेपणाला जागा नसल्यामुळे मला ती आवडत असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, मग दरोडेखोरालाही यात भरपूर गुण पडतील ना?" वर्ग हसला, मीही हसले आणि वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र रास्त होता. मार्ग आणि नेट दोन्ही दरोडेखोराकडे असतात. मग आशेला सद्गुण म्हणायचे ते कशाच्या बळावर?

त्या वर्षी वारी कोरडी गेली. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठले, मोसमी पाऊस कोकणात येऊन अडखळला आणि मुंबईत तो पोहोचला तो थेट २५ जूनला, त्याच दिवशी दिल्लीतही. एरवी वारकऱ्यांच्या डोक्यावर असणारे प्लास्टिकचे कागद पिशव्यांतच घडी होऊन राहिले. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावल्या, तेव्हा त्या बैलांच्या तोंडाला आलेला फेस आणि समोरच्या डोंगराचा करपलेला रंग यांकडे पाहताना माझ्या शेजारची टाळकरी बाई टाळ न थांबवता एवढेच म्हणाली, "रान अजून उघडंच हाय."

तिची आणि माझी पथारी एकाच राहुटीत असे. साठीच्या घरातली ही बाई लातूरकडची, चार एकरांची धनीण होती आणि वारीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही दोघी एकमेकींना माउलीच म्हणत होतो. लोणंदच्या तळावर रात्री पाय चेपत बसलो असताना मी तिला पेरणीचे विचारले. ती म्हणाली, "पेरलं न्हाई. सोयाबीनचं बी आणून ठेवलंय, ते घरात हाय. मालकांना सांगून आले, ओल वीतभर खाली गेल्याबिगर तिफण जुंपायची न्हाई." पूर्वी एका साली आभाळ भरून आलेले पाहून तिच्या घरच्यांनी धूळपेरणी केली होती. पाऊस आला नाही, बी जमिनीतच करपले आणि दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागले. यंदा गावातल्या एका घराने बियाण्याच्या पिशव्या दुकानदाराला परत केल्या होत्या आणि रान पडीक ठेवायचे ठरवले होते. या दोन्ही गोष्टी तिने एकाच सुरात, कोणालाही दोष न देता सांगितल्या.

तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाने आशेच्या दोन बाजूंना दोन दोष उभे केले आहेत, एकीकडे निराशा आणि दुसरीकडे फाजील भरवसा. (तो १२७४ मध्ये गेला आणि परंपरेने ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा मानतात, हे त्या रात्री मला उगीचच आठवले.) आशेचा विषय चांगला असावा, पुढचा असावा, मिळवायला अवघड असावा, पण अशक्य नसावा, असे तो म्हणतो. वर्गात हे सारे मी फळ्यावर लिहिले आहे. पण फाजील भरवशाला आमच्या रानात धूळपेरणी म्हणतात आणि निराशा म्हणजे परत केलेली पिशवी, हे फळ्यावर लिहिण्याचे मला कधी सुचले नव्हते. तिची आशा या दोहोंच्या मधली होती, आणि ही मधली जागा मूठभर माती दाबून रोज नव्याने ठरवावी लागते.

मी तिला विचारले, "विठ्ठलाला पावसाचं काही बोललात का?" तिला हसू आले. वारकऱ्याने नवस बोलायचा नसतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. "त्याला काय सांगायचं? आन् आपल्या बांधापुरता पाऊस कुणाला मागता येतो का, माउली?" या उत्तरात त्या मुलीच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. दरोडेखोराची आशा फळते ती दुसऱ्याचे घर लुटले गेले तरच. हिची आशा खरी व्हायची, तर शेजाऱ्याच्या आणि पिशव्या परत करणाऱ्याच्याही रानात ओल जावी लागते.

उरलेले अर्धे उत्तर बहुधा भाषेतच आहे. आपले संत आशेवर कठोर आहेत. ती समूळ खणून काढावी, मगच गोसावी व्हावे, असे तुकोबा सांगतात. आणि तेच तुकोबा भेटीलागी जीवाला आस लागली म्हणतात, दिवाळीला माहेरचे मूळ, म्हणजे न्यायला येणारे माणूस, कधी येते म्हणून वाट पाहणाऱ्या सासुरवाशिणीचा दाखला देतात. शब्दकोशात आशा आणि आस शेजारी असतील, पण मला तरी त्या दोन वेगळ्या वृत्ती दिसतात. आशेची नजर हाती काय पडेल यावर असते. आस ज्याच्याकडे लागली आहे त्याच्याशी माणसाला बांधून ठेवते आणि म्हणून वागणे बदलते. मूळ येईल की नाही हे त्या लेकीच्या हातात नसते, पण ते आलेच तर निघता यावे, इतकी तयारी तिने केलेली असते. घरात ठेवलेले बी ही तशीच तयारी होती.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तिथल्या टेकावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. मी डोळ्यांवर हात धरून पाहिले, मला कळस काही दिसला नाही. तरीही उतारावरून सारे धावले, सत्तरीचे विणेकरीही धावले आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली मीही धावले. आशा ही अशी बेडी आहे की जिने बांधलेले धावतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात, हे शाळेत पाठ केलेले सुभाषित मला तोवर माणसाची थट्टाच वाटत असे. त्या उतारावर धाप लागलेली असताना ते थट्टेसारखे वाटले नाही.

पंढरपुरात माझी माउली दर्शनाच्या रांगेत थांबली नाही. चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीवर डोके टेकून आणि कळसाला हात जोडून तिने गावाकडची एसटी धरली, कारण घरी एक सर पडून गेल्याचा फोन आला होता. पेरणी जुलैत झाली. मग ऑगस्ट आला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऐन फुलोऱ्यात पीक माना टाकून उभे असल्याचे तिने फोनवर सांगितले, तेव्हा काय बोलावे ते मला सुचले नाही. इतकी वर्षे हाच विषय शिकवूनही सुचले नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मीच फोन केला. शेंगा भरल्या नव्हत्या, एकरी दोन पोती निघाली तरी पुष्कळ, असे ती म्हणाली. मागून जात्यासारखा कसलासा आवाज येत होता. मी विचारले, काय चालले आहे? "काही न्हाई, माउली. मागच्या हप्त्यात दोन पाऊस बरे झाले. हरभऱ्याचं बी निवडायला घेतलंय."