धोटा आणि खटका

आज पैठणला हातमागावर बसलेल्या एका मावशींचे फोटो काढले. सोबत नेला तो माझा जुना कॅमेरा, एप्सन आर-डी १च. २००४ साली आलेला, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. ६.१ मेगापिक्सेल, बस्स.

डिजिटल असूनही दर फोटोआधी अंगठ्यानं खटका ओढायचा, तेव्हा कुठे शटर तयार होतं. किती फोटो उरले ते वरच्या तबकडीतला काटा सांगतो. मावशींचा धोटा (आडवा धागा नेणारी नळी) सुटायचा, माझा खटका ओढून व्हायचा. थोड्या वेळानं लय जुळली.

"रीळवाला हाय का रं बाबा?"

"नाही मावशी, डिजिटलच आहे."

हसल्या, आणि पुन्हा मागावर विणत असलेल्या मोराकडे वळल्या.

व्ह्यूफाइंडरमध्ये जरीचा एकच धागा दोनदा दिसत होता, एक ठळक, एक पुसट. लेन्सची कडी हळूहळू फिरवली आणि दोन्ही एकमेकांत विरघळले. दुसरा डोळा उघडाच ठेवता येतो, कारण आतलं चित्र बाहेरच्याएवढंच दिसतं. या एका क्षणासाठी मला हा कॅमेरा सोडवत नाही. कमी उजेडात फोटोत दाणे येतात. येऊ देत.

स्क्रीन दिवसभर उलटी झाकलेली. रात्री घरी बघितलं, मावशींच्या नखाशी जरीचा तो धागा लख्ख उतरलाय.